मेरी ॲनिंग

मेरी ॲनिंग यांचा जन्म २१ मे १७९९ रोजी इंग्लंडमधील लाइम रीजिस या समुद्रकाठच्या गावी झाला. घरची फार गरिबी होती. वडील सुतारकाम करायचे आणि कड्यातले जीवाश्म विकायचे. जीवाश्म म्हणजे फार जुन्या प्राण्याचा दगड झालेला अवशेष. गंडकी नदीतल्या शाळिग्रामात चक्र दिसते तेसुद्धा जीवाश्मच.

१८१० साली वडील वारले. मग मेरी जीवाश्म विकून घराला हातभार लावू लागली. हिवाळ्यात दरड कोसळली की नवीन जीवाश्म उघडे पडायचे. भरतीत वाहून जायच्या आत ती हातोडीने काढून आणायची. १८११ साली तिच्या भावाला एक मोठी कवटी सापडली. पुढे मेरीने बाकीचा सांगाडा शोधला. तो समुद्रातल्या प्रचंड सरपटणाऱ्या प्राण्याचा निघाला. १८३३ साली दरडीखाली तिचा कुत्रा ट्रे मेला. ती थोडक्यात वाचली. तरी तिने काम सोडले नाही.

मोठे विद्वान तिचे जीवाश्म घ्यायचे, पण लिहिताना पुष्कळदा तिचे नाव गाळायचे. बाई म्हणून तिला त्यांच्या संस्थेतही घेत नव्हते. ९ मार्च १८४७ रोजी ती वारली. आता तिचे जीवाश्म लंडनच्या संग्रहालयात आहेत. ज्याने शोधले त्याचे नाव लिहिलेच पाहिजे. म्हणून मी तिचे नाव वर मोठ्या अक्षरात काढले आहे.