तुळशीची रोपे वाटणारे प्राध्यापक

इंदूरच्या नगररचनेचा विषय निघाला की पॅट्रिक गेडिस हे नाव येतेच. १९१८ साली होळकर दरबारासाठी त्यांनी दोन खंडांचा मोठा अहवाल लिहिला, हे अनेकांना ठाऊक आहे. पण हे गृहस्थ मुळात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते आणि ओसाड पडलेल्या जमिनीत त्यांना शाळा दिसत असे. विद्यार्थी मित्रांसाठी व पालकांसाठी आम्ही त्यांची ती बाजू येथे सांगत आहोत.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलटर या गावी झाला. बालपण पर्थ शहराजवळ गेले. वडील सैन्यात होते, पण घरामागच्या बागेत ते मुलाला सोबत घेऊन राबत. फळझाडे, भाजीचे वाफे, मोजमाप, ऋतूंची ओळख हे सारे पॅट्रिक तिथेच शिकला. पुढे लंडनमध्ये हक्स्ले यांच्यासारख्या नामवंत शास्त्रज्ञाकडे तो जीवशास्त्र शिकला.

१८७९ साली संशोधनासाठी मेक्सिकोत गेले असता आजारपणात त्यांची दृष्टी गेली. कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. दृष्टी परत आली, तरी सूक्ष्मदर्शकाला तासन् तास डोळा लावणे आता शक्य नव्हते. पंचविशीतल्या शास्त्रज्ञाच्या हातून त्याचे मुख्य साधनच गेले म्हणायचे. आम्हाला वाटते, पुढचे गेडिस इथून घडले. काचेखालच्या पेशींऐवजी त्यांची नजर रस्त्यांकडे, घरांकडे आणि माणसांकडे वळली.

१८८६ साली त्यांचा ॲना मॉर्टन यांच्याशी विवाह झाला. नवदांपत्याने बिऱ्हाड कुठे थाटावे? एडिंबरा शहराच्या जुन्या भागातल्या एका गलिच्छ वस्तीत! शेजाऱ्यांना हाताशी धरून त्यांनी भिंतींना चुना दिला, आवार झाडले, खिडक्यांत फुलझाडे लावली. उपदेश कमी आणि झाडू जास्त, अशी त्यांची रीत होती. १८८८ पासून १९१९ पर्यंत ते डंडी येथील महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. शिकवायचे फक्त उन्हाळ्याच्या सत्रात. बाकीचे वर्ष इतर कामांना मोकळे. तिथेही त्यांनी बाग तयार केली आणि तिलाच वर्ग मानले.

त्यांचे सर्वांत मोलाचे काम मात्र पुढेच झाले. एडिंबराच्या जुन्या वस्तीत पडक्या घरांच्या, कचऱ्याच्या, कुणाच्याच नसलेल्या जागा त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक करून मोजल्या. पंचाहत्तर तुकडे निघाले, मिळून सुमारे दहा एकर. जिथे मुलांना खेळायला जागा नाही असे लोक म्हणत, तिथे दहा एकर! गेडिस यांची कन्या नोरा हिने यांतल्या काही जागांच्या बागा केल्या. वस्तीतल्या मुलांना तिथे माती, पाणी, बी आणि रोप हाताळायला मिळाले. घरी अंगण नसलेल्या मुलासाठी ही केवढी गोष्ट आहे, हे फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आपल्या पालकांना वेगळे सांगायला नको.

१९१४ साली ते भारतात आले. त्यांच्या नगररचना प्रदर्शनाचे सामान ज्या जहाजातून येत होते ते एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडवले. मित्रांनी नवे सामान जमवून पाठवले आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरलेच. बडोद्यासाठीही त्यांनी १९१६ साली अहवाल लिहिला. १९१७ साली थोरला मुलगा ॲलास्डेअर युद्धात मारला गेला. ॲनाबाई तेव्हा भारतात आजारी होत्या. गेडिस यांनी त्यांना ही बातमी कळू दिली नाही, आणि त्याच वर्षी त्याही गेल्या.

असा घाव मनात घेऊन हा माणूस आपल्या इंदूरचे काम करत होता. शहरात प्लेगची दहशत होती. गेडिस यांनी महाराजांकडून एका दिवसाचे राज्य मागून घेतले आणि दिवाळीची मिरवणूक आखली. ज्या मोहल्ल्यांत घरे सर्वांत स्वच्छ होतील तिथून मिरवणूक जाणार, असे जाहीर झाले. मग काय, घरोघरी साफसफाई सुरू झाली! मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भला मोठा उंदीर होता. पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, गळ्यात हार घातलेले सफाई कामगार मानाने चालत होते. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. शेवटी बागांचे देखावे आणि रोपांची गाडी आली. माळी त्या गाडीतून मागेल त्याला तुळशीचे रोप देत होता. स्कॉटलंडच्या प्राध्यापकाला आपल्या घरातली बाग अचूक सापडली होती.

१९१९ साली मुंबई विद्यापीठात ते समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. १९२४ साली फ्रान्समध्ये मोंपेलिए येथे गेले, तिथेही त्यांनी महाविद्यालयाभोवती बागा उभारल्या. १९३२ साली त्यांना सर ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला त्यांचे निधन झाले. एडिंबराच्या किल्ल्याखाली जॉन्स्टन टेरेस येथे त्या मोजलेल्या जागांपैकी एक तुकडा अजून हिरवा आहे.