चित्रमहर्षी दादासाहेब फाळके

नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर हे गोदावरीचे उगमस्थान होय. याच क्षेत्री ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. लोक त्यांना दादासाहेब म्हणत. भारतीय कथाचित्रपटाचा प्रवाह पुढे त्यांच्याच हातून उगम पावला.

चित्रकला, छायाचित्रण व मुद्रण या कला त्यांनी परिश्रमपूर्वक हस्तगत केल्या होत्या. १९११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त वावरत होता. दादासाहेबांच्या मनश्चक्षूंपुढे मात्र राम आणि कृष्ण उभे राहिले. आपल्या देशाचीही अशी चित्रे निर्माण करावयाची, असा त्यांनी निश्चय केला. या ध्यासापायी अहोरात्र अभ्यास करून त्यांच्या डोळ्यांवर इतका ताण पडला की, काही काळ दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत येताच त्यांनी पुन्हा अभ्यास आरंभिला.

१९१२ च्या फेब्रुवारीत, आयुष्याचा विमा गहाण ठेवून, ते लंडनला गेले. तेथे सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या चित्रशाळेत त्यांनी चित्रपटाची सारी कृती बारकाईने पाहिली आणि यंत्रसामग्री खरेदी करून ते परतले.

स्वदेशी येताच त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला व त्याच्या वाढीची चित्रे टिपली. सुमारे महिन्याने ती चित्रे पडद्यावर धावू लागली, तेव्हा अवघ्या काही क्षणांत बीज अंकुरून त्याचा वेल झाला! हा प्रयोग पाहून त्यांना कर्ज मिळाले. पत्नी सरस्वतीबाईंनी आपले दागिनेही गहाण ठेवण्यास दिले.

चित्रपट म्हणजे असंख्य स्थिर चित्रांची माळ. फुटभर फितीवर अशी सोळा चित्रे असतात. निरनिराळ्या वेळी टिपलेल्या फितीतील निरुपयोगी भाग कात्रीने कापावयाचा, कडेवरील थर खरवडावयाचा, चिकट द्रावण लावून पुढील तुकडा जोडावयाचा आणि कथेचा क्रम साधावयाचा, असे त्या काळी संकलन चाले. तुकडा लांबला तर प्रेक्षक कंटाळतो. आखूड झाला तर त्यास अर्थबोध होत नाही. दिग्दर्शनाबरोबर हे कामही दादासाहेबांनी स्वतःच केले. त्या काळी कोऱ्या फितीच्या कडांना छिद्रे नसत. दिवसभर साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करून सरस्वतीबाई रात्री अंधाऱ्या खोलीत ती छिद्रे पाडीत.

अशा रीतीने ३,७०० फूट लांबीचा ‘राजा हरिश्चंद्र’ सिद्ध झाला. त्यात सुमारे ५९,००० चित्रे होती! ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात तो प्रथम लोकांपुढे आला. १९१७ च्या ‘लंकादहन’ चित्रपटात अण्णा साळुंके या एकाच नटाने राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या. वेगवेगळे प्रसंग एका सूत्रात ओवण्याची कला अवगत होती, म्हणूनच हे साधले.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे दादासाहेबांचे निधन झाले. १९६९ पासून भारत सरकार त्यांच्या नावे चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार देत आहे. एकेक चित्र जोडीत त्यांनी चित्रपट घडविला. पण त्या जोडकामामागे दृष्टी पणास लावणाऱ्या पतीची निष्ठा आणि रात्री जागविणाऱ्या पत्नीचे कष्ट होते.