माधव महाराजांची आगगाडी

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातील भोजनगृहात एका लांबलचक मेजावर चिमुकले रूळ अंथरलेले आहेत. त्यांवर चांदीचे एक इंजिन आणि त्यामागे सात डबे. प्रत्येक डब्यावर रोमन लिपीतील एकेक अक्षर असून सातही अक्षरे मिळून शिंदे घराण्याच्या आडनावाचे इंग्रजी रूप सिद्ध होते. डब्यांत काचेच्या नक्षीदार सुरया ठेवलेल्या असत. भोजन आटोपले की ही गाडी पाहुण्यांसमोरून मद्य, सिगार आणि सुका मेवा घेऊन फिरे. राजवाडा पाहावयास येणारे लोक आज तिच्याभोवती घोळका करतात, राजेरजवाड्यांच्या षोकाविषयी दोन शब्द बोलतात आणि झुंबरांकडे वळतात. ज्या राजाने ही गाडी करवून घेतली, त्यानेच दोन फुटी रुळांचा खरा लोहमार्ग भिंड, शिवपुरी आणि श्योपूरपर्यंत नेला, ही गोष्ट मात्र ग्वाल्हेर-लष्करच्या जुन्या मराठी घरांबाहेर फारशी कोणाच्या ध्यानी नसते.

माधवराव शिंदे यांचा जन्म २० ऑक्टोबर १८७६ चा. महादजींच्या गादीचा हा वारस जन्मला तेव्हा उत्तर हिंदुस्थानातील मराठ्यांची सत्ता केवळ स्मरणात उरली होती. पिता जयाजीराव यांनी सत्तावन्नच्या उठावात इंग्रजांची बाजू घेतली, तरीही ग्वाल्हेरचा किल्ला दीर्घकाळ इंग्रजी पलटणींच्याच ताब्यात राहिला. १८८६ मध्ये झाशीच्या बदल्यात तो परत मिळाला आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये जयाजीराव निवर्तले. पुत्राला वारशात मिळालेल्या गोष्टींत रेल्वेही होती. आग्रा-ग्वाल्हेर आणि इंदूर-नीमच या दोन मार्गांसाठी जयाजीरावांनी प्रत्येकी पंचाहत्तर लाख रुपये दिले होते. रुपये शिंद्यांचे, परंतु गाड्या, वेळापत्रक आणि सत्ता दुसऱ्यांची, असा तो व्यवहार होता. माधवरावांच्या पुढील उद्योगाचे मूळ या व्यवहारात काही अंशी तरी शोधावे लागते.

गादीवर बसले तेव्हा माधवराव दहा वर्षांचेही नव्हते. मातोश्री सख्याराजे यांच्या छायेत ते वाढले आणि राज्याचा कारभार आठ वर्षे प्रतिनिधी मंडळाने पाहिला. अज्ञान राजाच्या वाट्याला साधारणपणे दोन गोष्टी येतात, शिक्षक आणि खुशमस्करे. माधवरावांच्या वाट्याला तिसरी आली, ती म्हणजे यंत्रे. चाक कशाने फिरते, वाफ कोठून येते आणि कोठे जाते, हे जाणून घेण्याची त्यांना विलक्षण हौस होती. इतर संस्थानिकांना घोडे आणि पैलवान यांचे वेड असावे तसे त्यांना इंजिनाचे होते. इंजिनात उभे राहून ते स्वतः चालविणे हा त्यांचा आवडता छंद. कोळशाच्या धुराने आणि तेलाने माखलेला महाराज ही कल्पना दरबारातील जुन्या मानकऱ्यांना कितपत रुचली असेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

१८९४ च्या डिसेंबरात, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आले. त्याच दशकात राजवाड्याच्या परिसरात दोन फूट रुंदीचा एक छोटा लोहमार्ग अवतरला. आरंभी तो निव्वळ विहारासाठी होता. महाराज इंजिन चालवीत आणि पाहुणे मागच्या डब्यांत बसत. एखाद्या हौशी राजाची गोष्ट येथेच संपली असती. येथे ती पुढे सरकली, कारण बागेतला मार्ग कुंपणाबाहेर पडून जिल्ह्यांकडे निघाला. १८९९ मध्ये ईशान्येस भिंडपर्यंत सुमारे ८५ किलोमीटर आणि नैर्ऋत्येस शिवपुरीपर्यंत सुमारे १२० किलोमीटर अशा दोन शाखा वाहतुकीस खुल्या झाल्या. तिसरी शाखा पश्चिमेकडे निघाली. ती १९०४ मध्ये सबलगढला आणि १९०९ मध्ये श्योपूरला पोहोचली. या शाखेची लांबी जवळजवळ दोनशे किलोमीटर भरली. इतक्या अरुंद रुळांवरचा इतका लांब सलग मार्ग जगात क्वचितच सापडेल.

दोन फुटांची निवड लहरी वाटते, परंतु तिच्यामागे हिशेब होता. अरुंद मार्गाला जमीन थोडी लागते, रूळ हलके चालतात, पूल लहान पुरतात आणि वळणे आखूड घेता येतात. चंबळ, कुंवारी यांसारख्या नद्यांनी चिरफाळलेल्या त्या घळींच्या मुलखात मोठा मार्ग बांधण्याचे सामर्थ्य एका संस्थानाच्या तिजोरीत नव्हते. शिवाय ते वर्ष कसे होते तेही लक्षात घेतले पाहिजे. १८९९ म्हणजे संवत १९५६, ज्याला माळव्यात आणि राजपुतान्यात छप्पन्नचा दुष्काळ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आठवीत असत. ज्या प्रदेशात धान्य बैलगाडीने न्यायचे तर बैलांनाच वाटेत चारा मिळत नाही, तेथे चारदोन डब्यांची हळू चालणारी गाडीसुद्धा मोठा आधार ठरते.

निवडीतील उणीवही तितकीच खरी होती. ग्वाल्हेरला मोठ्या मार्गाची गाडी येई, तिच्यातील प्रत्येक पोते उतरवून छोट्या डब्यात चढवावे लागे आणि परतीच्या मालाचे तेच. वेग बेताचा, भार बेताचा. वाहतूक वाढू लागली की असा मार्ग तोकडा पडणार, हे त्याच्या जन्मापासूनच ठरलेले होते. बागेतील खेळण्याचे माप जिल्ह्यांना लागू केल्याची ही किंमत. तथापि मोठ्या मार्गाची वाट पाहत बसले असते, तर श्योपूरच्या लोकांनी आगगाडी पाहण्यास आणखी किती पिढ्या लागल्या असत्या, हा प्रश्न उरतोच.

चांदीची गाडी या साऱ्यानंतरची, १९०६ ची. ती इंग्लंडातील नॉर्थॅम्प्टन येथील बॅसेट-लोक यांच्या कंपनीने घडविली. वेनमन जोसेफ बॅसेट-लोक हा माधवरावांहून एका वर्षाने लहान आणि बॉयलर बनविणाऱ्याचा मुलगा. विसाव्या-एकविसाव्या वर्षी त्याने छोट्या वाफेच्या इंजिनांचे सुटे भाग टपालाने विकण्याचा धंदा काढला. सिलिंडर, चाके, ओतीव तुकडे आणि नकाशे गिऱ्हाइकाकडे जात. मग कोणी कारकून, कोणी शाळामास्तर संध्याकाळी घरी बसून त्या तुकड्यांवर कानस चालवी, छिद्रे पाडी, बॉयलरच्या पत्र्याला डाख देई आणि काही महिन्यांनी त्याचे हातभर लांबीचे इंजिन खऱ्याखुऱ्या वाफेवर खोलीतील रुळांवरून धावू लागे. लहान इंजिनाला मोठ्याची सारी पथ्ये पाळावी लागतात. बॉयलरमधील पाणी आटले तर तो जळतो, सांधा ढिला राहिला तर वाफ निसटते आणि दट्ट्या किंचित अडकला तर चाक हलत नाही. वस्तू लहान म्हणून तिला काही माफ होत नाही. या छंदाची गोडीही त्यातच आहे, आणि ज्याने इंजिन आपल्या हाताने चालविले आहे त्याला ती समजावून सांगावी लागत नाही.

मेजावरची गाडी वाफेवर चालणारी नव्हती, तिला विजेचा प्रवाह होता. पंगतीत धूर आणि उकळते पाणी कोण सोडील! गाडी एकेका पाहुण्यासमोरून सावकाश जाई, कोणी सुरई उचलली की थांबे आणि सुरई जागेवर परतली की पुढे निघे. तिची सूत्रे महाराजांच्या हाती असत. नावडत्या पाहुण्यासमोर ती मुळीच न थांबता पसार होई, अशी कथा आजही सांगितली जाते. ऐन मेजवानीत ती एकदा बिथरली आणि बड्या पाहुण्यांच्या अंगावर पदार्थ सांडत सुटली, अशीही एक कथा प्रसिद्ध आहे. या कथांत रंग पुष्कळ भरलेला असावा. तरी त्या टिकल्या यालाही कारण आहे. ज्या मेजाभोवती साम्राज्याचे अधिकारी बसत आणि ज्यांच्या संमतीवाचून संस्थानात मोठे पान हलत नसे, त्यांनी निदान पेला भरण्यासाठी तरी ग्वाल्हेरच्या राजाची वाट पाहावी, यात सामान्य माणसाला गंमत वाटली असणार.

इंग्रजांशी माधवरावांचे नाते मात्र अवज्ञेचे नव्हते, हे स्पष्ट म्हणावयास हवे. ग्वाल्हेरचे वाहतूक दल चित्राळ आणि तिराहच्या मोहिमांत इंग्रजी सैन्यासाठी राबले. चीनमधील बॉक्सर उठावाच्या वेळी ते स्वतः जनरल गॅसेली यांच्या हाताखाली गेले आणि स्वखर्चाने एक रुग्णालय-जहाज दिले. पुढे पुत्राला जॉर्ज जिवाजीराव असे नाव ठेवले, तेही सम्राटाच्या नावावरून. ज्या काळात टिळकांचा तुरुंगवास मराठी घराघरांत बोलला जात होता, त्या काळातील या निष्ठेकडे पाहताना मराठी वाचकाचे मन अवघडते, आणि ते अवघडणे योग्यच आहे.

तरीही याच राजाने पैसा कोठे घातला, तेही पाहावे लागते. १९०७ मध्ये टाटांच्या पोलाद कंपनीचे भाग हिंदी लोकांनी उत्साहाने घेतले, परंतु कारखाना चालविण्यास लागणारे खेळते भांडवल उभे राहीना. तेव्हा चार लाख पौंडांचे सर्व कर्जरोखे एकट्या माधवरावांनी घेतले. त्या कारखान्याच्या पोलादाचे रूळ पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियापर्यंत गेले. इंजिनाच्या वेडापायी रुळांपर्यंत आलेला राजा अखेर रूळ घडविणाऱ्या भट्टीपर्यंत पोहोचला होता.

जहाजाची गोष्ट त्याहून मनोरंजक आहे. महायुद्धाच्या आरंभी, १९१४ मध्ये, माधवरावांनी कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे जुने जहाज विकत घेतले. त्याचे ‘लॉयल्टी’ असे नामकरण होऊन हिंदी सैनिकांसाठी रुग्णालय म्हणून त्याचा उपयोग झाला. युद्ध संपल्यावर ते सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि मुंबईचे नरोत्तम मोरारजी प्रभृतींनी खरेदी केले आणि नव्या कंपनीला शिंद्यांचे नाव दिले. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाले. परकीय कंपन्यांची मक्तेदारी असलेल्या मार्गावर हिंदी मालकीचे जहाज उतरले, म्हणून ५ एप्रिल हा दिवस देशात सागरी दिन म्हणून पाळला जातो. राजनिष्ठेचे नाव मिरविणारे जहाज स्वदेशीच्या कामी यावे, हा योगायोग कोणा कादंबरीकाराने रचला असता तर कृत्रिम वाटला असता.

त्यांच्या घरगुती जीवनात सुख-दुःखाची सरमिसळ होती. चिंकूराजे यांच्याशी झालेला पहिला विवाह निपुत्रिक राहिला. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची कन्या इंदिराराजे हिच्याशी सोयरीक ठरली, पण तिने स्वतःच पत्र पाठवून ती मोडली आणि कूचबिहारच्या राजपुत्राशी विवाह केला. या प्रकरणाची चर्चा त्या काळी बडोदा आणि ग्वाल्हेर या दोन्ही ठिकाणी दीर्घकाळ रंगली. पुढे गोव्याच्या राणे घराण्यातील गजराराजे ग्वाल्हेरच्या महाराणी झाल्या. त्यांच्या पोटी कमलाराजे आणि जिवाजीराव ही अपत्ये झाली. ग्वाल्हेरच्या वैद्यकीय महाविद्यालयाला आज गजराराजे यांचेच नाव आहे.

राज्यकर्ता म्हणून माधवराव कष्टाळू होते. प्रत्येक खात्यात स्वतः लक्ष घालीत. तलाव, कालवे, कारखाने यांकडे त्यांचा ओढा होता. यंत्राच्या प्रेमात असलेल्या माणसाला राज्यही एक यंत्रच वाटू लागते. प्रत्येक खिळा आपण तपासला की ते सुरळीत चालेल असा त्याचा विश्वास असतो, आणि त्या यंत्रातील चाकांना स्वतःचे मत असू शकते हे त्याच्या लवकर ध्यानात येत नाही. माधवरावांचा कारभार कार्यक्षम होता, परंतु इंजिनचालकाची जागा त्यांनी दुसऱ्या कोणाला दिली नाही.

५ जून १९२५ रोजी पॅरिस येथे त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. जिवाजीराव नऊ वर्षांचेही झाले नव्हते. शिंद्यांच्या गादीवर पुन्हा एकदा अज्ञान राजा आला. शिवपुरीत माधवरावांची संगमरवरी छत्री मातोश्री सख्याराजेंच्या छत्रीसमोर उभी आहे. तेथे यावयास पूर्वी त्यांचीच छोटी गाडी होती.

१९५१ मध्ये मध्य रेल्वेची स्थापना झाली आणि ग्वाल्हेर संस्थानची रेल्वे तीत सामील झाली. त्यानंतर शिवपुरीची छोटी शाखा बंद पडली आणि भिंडचे रूळ मोठ्या मार्गाचे झाले. श्योपूरची गाडी मात्र टपावर माणसे घेऊन एकविसाव्या शतकातही दिवसभर रखडत धावत राहिली. डब्यांत जागा नसे आणि वेग सायकलस्वाराला हेवा वाटावा असा नव्हता, तरी गावोगावचे लोक भाजीची टोपली, दुधाचे कॅन आणि पोरेबाळे घेऊन तिच्यासाठी थांबत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ती थांबली. त्यानंतर दोन फुटी रूळ निघू लागले आणि त्या जागी मोठ्या मार्गाचे काम सुरू झाले.