शाहू महाराज : बोर्डिंगसोबत मैदानही देणारा राजा

२६ जून ही राजर्षी शाहू महाराजांची जयंती. महाराष्ट्रात हा दिवस सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो. आपल्या समाजात महाराजांचं नाव निघालं की आरक्षण आठवतं, कोल्हापूरचं मुस्लिम बोर्डिंग आठवतं. ते आठवायलाच हवं. पण त्यांच्या एका कामाकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. गरिबाच्या पोराची तब्येत आणि त्याचा खेळ याचीही काळजी राज्याने घ्यायची असते, हे त्यांनी करून दाखवलं. अंधेरी, कुर्ला, घाटकोपरच्या दाटीत मुलं वाढवणाऱ्या घरांनी हे काम जरूर समजून घ्यावं.

महाराजांचा जन्म १८७४ चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. मूळ नाव यशवंतराव. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. राजकोट आणि धारवाड इथे शिक्षण झालं आणि २ एप्रिल १८९४ रोजी, वयाची वीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत, राज्यकारभार हाती आला. सुरुवातीची वर्षं दुष्काळ आणि प्लेगशी झगडण्यात गेली. रयतेची उपासमार आणि रोगराई त्यांनी जवळून पाहिली.

महाराज स्वतः धिप्पाड अंगाचे. कुस्तीचा नाद लहानपणापासूनचा. पण त्यांनी हा नाद स्वतःपुरता ठेवला नाही. कोल्हापुरातल्या तालमींना दरबाराचा आधार मिळाला. पैलवानाला लागणारं दूध, तूप, बदाम गरीब घराला परवडत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून होतकरू मल्लांच्या खुराकाची आणि राहण्याची सोय राज्याकडून होऊ लागली. पंजाबातले नामांकित पैलवान कोल्हापुरात बोलावले गेले, त्यांच्यासोबत इथली शेतकऱ्यांची पोरं लढली आणि शिकली.

१९०२ मध्ये सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी महाराज इंग्लंडला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचं प्राचीन कलोसियम पाहिलं. तसंच काही आपल्या रयतेसाठी करावं, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यातून खासबाग मैदान उभं राहिलं. मध्ये लाल मातीचा हौदा आणि भोवती चढत जाणारी गोलाकार बैठक. कुठेही बसा, कुस्ती स्पष्ट दिसते. ज्याच्याकडे पुढच्या जागेचे पैसे नाहीत, त्यालाही डाव दिसावा अशी ही रचना. १९१२ मध्ये मैदान सुरू झालं. तिथली पहिली मोठी कुस्ती झाली ती गामा पैलवानांचे भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्यात. इमामबक्ष जिंकले. शेजारीच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभं राहिलं, आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. अंगाला व्यायाम हवा तसा मनाला विरंगुळाही हवा, हे महाराजांनी ओळखलं होतं. उस्ताद अल्लादिया खाँ यांच्यासारखे गवई त्यांच्याच आश्रयाने कोल्हापुरात राहिले.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. १९०२ मध्ये नोकऱ्यांत ५० टक्के राखीव जागा. १९०६ मध्ये मुस्लिम शिक्षण संस्था, जिचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतलं. १९१२ मध्ये खासबाग. १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण. वही, वसतिगृह आणि आखाडा या तीन गोष्टी त्यांच्या कारभारात बरोबरीने चालल्या. अभ्यास की खेळ, असा प्रश्नच त्यांना पडला नाही.

आणखी एक गोष्ट. हौद्यात उतरलेल्या माणसाची जात मातीला कळत नाही. कोल्हापूरच्या कितीतरी तालमींत आजही गणपती बसतो आणि मोहरमला पंजेही बसतात. एकत्र घाम गाळणाऱ्यांना एकमेकांची भीती वाटत नाही. सलोख्याच्या सभा भरवण्यापेक्षा हे जास्त टिकतं.

६ मे १९२२ रोजी मुंबईत, खेतवाडीतल्या पन्हाळा लॉजवर महाराजांचं निधन झालं. वय अवघं ४७. त्यांच्या मागे तालमी राहिल्या, आणि त्याच कोल्हापूरच्या मातीत खाशाबा जाधव तयार झाले. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण त्या प्रवासाच्या खर्चासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांना आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे करावे लागले. सरकारी हात आखडला की खेळाडूचा भार असा एखाद्या भल्या माणसावर पडतो. आणि प्रत्येक पोराला खर्डेकर भेटत नाहीत.

आज आपल्या उपनगरांचं काय? महापालिकेची मोठी क्रीडासंकुलं अंधेरीला आहेत, मुलुंडला आहेत. चांगली गोष्ट आहे. पण मालवणी, जोगेश्वरी, गोवंडीच्या गल्लीतला दहा वर्षांचा मुलगा तिथवर रोज कसा पोहोचणार? आणि त्याची बहीण? त्यांना चालत जाता येईल असं मैदान हवं. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्यात खेळाच्या मैदानांसाठी भूखंड राखीव दाखवले आहेत. आपल्या वस्तीजवळचा असा भूखंड कोणता, त्यावर आज काय उभं आहे, हे किती जणांनी वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारलंय?

शाळा, शिष्यवृत्ती, वसतिगृह यासाठी आपण निवेदनं देतो. द्यायलाच हवीत. त्याच कागदावर मैदानाची मागणीही लिहा. पोरांना मोबाइल सोड म्हणून ओरडतो, तेव्हा मोबाइल सोडून त्यांनी जायचं कुठे, याचं उत्तरही आपणच मिळवायला हवं. शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी ते उत्तर लाल मातीत उभं केलं होतं.