क्ष-किरणांचं पेटंट न घेणारा माणूस

दातांना तार लावायला सेलूहून वर्ध्याजवळच्या सावंगी मेघेच्या दंत महाविद्यालयात जा, नाहीतर गावातल्याच डॉक्टरांकडे. आधी एक्स-रे काढावाच लागतो. हा एक्स-रे आपल्याला दिला तो शाळेतून नाव कमी झालेल्या एका पोरानं. विल्हेल्म राँटजेन.

जन्म २७ मार्च १८४५, जर्मनीतलं लेनेप. वडील कापडाचे व्यापारी. बालपण नेदरलँड्समध्ये गेलं. उट्रेख्टच्या तांत्रिक शाळेत कुणीतरी मास्तरांचं व्यंगचित्र काढलं आणि आळ आला विल्हेल्मवर. खरा चित्रकार त्याला ठाऊक होता, पण त्यानं नाव फोडलं नाही. शाळा सुटली ती त्याचीच. शालान्त प्रमाणपत्र नाही म्हणून विद्यापीठाचं दार बंद. झुरिकचं पॉलिटेक्निक प्रवेशपरीक्षा घेऊन मुलं घ्यायचं, तिथं तो शिरला आणि १८६९ मध्ये थेट डॉक्टर होऊन बाहेर पडला.

आता अहो-जाहो करायला हवं, कारण पुढं ते वुर्झबर्गला प्राध्यापक झाले. ८ नोव्हेंबर १८९५. वय पन्नास. काळ्या पुठ्ठ्यात गुंडाळलेल्या नळीतून ते वीज सोडत होते. उजेड बाहेर यायची सोयच नव्हती, तरी थोड्या अंतरावरचा रसायन लावलेला पडदा चमकला. दुसरा कुणी असता तर त्यानं दुसऱ्याच दिवशी बोंबलून सांगितलं असतं. राँटजेन मात्र कित्येक आठवडे प्रयोगशाळेतच जेवले, झोपले, पुन्हा पुन्हा तपासत राहिले. २२ डिसेंबरला पत्नी बर्थाच्या हाताचं चित्र घेतलं : हाडं आणि बोटातली अंगठी. किरण अनोळखी, म्हणून नाव एक्स. आपल्या बीजगणितातला क्ष.

पुढच्याच महिन्यात ओटो वालखोफ या जर्मन दंतवैद्यानं स्वतःच्याच दातांचा फोटो घेतला. त्यासाठी २५ मिनिटं तोंड न हलवता बसला बिचारा!

साध्या एक्स-रेची अडचण एकच, ती सावली असते. हिरडीत अडकलेला सुळा टाळूकडे आहे की ओठाकडे, हे सपाट चित्रावरून पक्कं सांगता येत नाही आणि तार ओढायची दिशा तर त्यावरच ठरते. गेल्या शतकाच्या अखेरीस इटलीत दातांसाठी कोन बीम सीटी तयार झालं. यंत्र डोक्याभोवती फिरतं, शंकूच्या आकाराच्या किरणांनी शेकडो चित्रं घेतं आणि कॉम्प्युटर त्यातून जबडा तिन्ही मितींत उभा करतो. मात्र किरणांची मात्रा साध्या एक्स-रेपेक्षा जास्त असते, म्हणून तो ज्याला त्याला काढायचा नसतो. भारी दिसतो म्हणून तर नाहीच.

राँटजेन यांनी पेटंट घेतलं नाही. शोध सगळ्यांचा, असं त्यांचं मत होतं. १९०१ चं भौतिकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्यांना मिळालं. ती रक्कमही वुर्झबर्ग विद्यापीठाला देऊन टाकली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत महागाई भडकली आणि गाठीची पुंजी मातीमोल झाली. अख्ख्या जगाच्या दवाखान्यांत यंत्रं सुरू होती, त्यांतून या माणसाला एक पैसाही येत नव्हता. १० फेब्रुवारी १९२३ ला म्युनिकमध्ये आतड्याच्या कर्करोगानं ते गेले. इच्छापत्रानुसार त्यांची बरीचशी कागदपत्रं जाळली गेली, त्यामुळे त्या नोव्हेंबरच्या संध्याकाळी प्रयोगशाळेत नेमकं काय काय घडलं, यावर अभ्यासकांचा वाद अजून चालूच आहे.