जीवरक्षकाच्या नावाची स्पर्धा

क्रीडास्पर्धेची तारीख प्रथम ठरते, मग जाहिरातदार ठरतात, तिकिटे विकली जातात आणि सर्वांत शेवटी खेळाडू मैदानात उतरतात. आधुनिक खेळाचे सारे अर्थकारण या निश्चित तारखेवर उभे आहे. हवाई बेटांतील ओआहूच्या उत्तर किनाऱ्यावर, वायमेआ नावाच्या लहानशा उपसागरात, मात्र एक अशी स्पर्धा भरते की जिची तारीख कोणत्याही व्यवस्थापकाला ठरविता येत नाही. हिवाळ्याचे सुमारे तीन महिने निमंत्रित खेळाडू तिची वाट पाहतात. समुद्राच्या लाटा समोरून मोजल्या असता चाळीस फुटांच्या आसपास उसळल्या, तरच ती होते. एरवी ते वर्ष तसेच निघून जाते. १९८४-८५च्या हंगामापासून २०२४च्या डिसेंबरपर्यंत, म्हणजे चार दशकांत, ती अवघी अकरा वेळा झाली. फळीवर उभे राहून लाटा जिंकणारे जगातले नामवंत व्यावसायिक खेळाडू या स्पर्धेच्या निमंत्रणाला कोणत्याही पदकाइतकेच मानतात. ही स्पर्धा ज्याच्या नावाने भरते, तो एडी आयकाऊ हा खेळाडू होता हे खरे. परंतु पोटासाठी तो नगरपालिकेचा पगारी जीवरक्षक होता. त्याचे चरित्र समजून घेतल्याखेरीज या विलक्षण स्पर्धेचा अर्थ लागत नाही.

एडीचा जन्म ४ मे १९४६ रोजी माउई बेटावरील काहुलुई येथे झाला. सहा भावंडांतील तो तिसरा. आयकाऊ कुटुंब मूळच्या हवाईयन वंशाचे. कामेहामेहा राजाचा प्रमुख पुरोहित हेवाहेवा हा आपला पूर्वज, अशी त्या घराण्याची परंपरा आहे, आणि या पुरोहिताचे नाते वायमेआच्या खोऱ्याशी जोडले जाते. परंतु एडी जन्मला तोपर्यंत या पूर्ववैभवाची केवळ आठवण उरली होती. १८९३ साली हवाईची राजसत्ता उलथली गेली, १८९८ साली अमेरिकेने ही बेटे आपल्यात सामील करून घेतली आणि १९५९ साली त्यांना अमेरिकेच्या घटकराज्याचा दर्जा मिळाला. ऊस आणि अननस यांच्या मळ्यांनी जमीन व्यापली. ज्यांची ती भूमी होती ते बव्हंशी मजूर झाले. राज्याचा दर्जा मिळाला त्याच वर्षी आयकाऊ कुटुंब कामाच्या शोधात ओआहूवर आले. होनोलुलूजवळच्या एका चिनी दफनभूमीची देखभाल करण्याच्या मोबदल्यात त्यांना तेथे राहावयास जागा मिळाली. थडग्यांमधले गवत कापत ही मुले वाढली.

एडीने सोळाव्या वर्षी शाळा सोडली आणि अननस डबाबंद करण्याच्या कारखान्यात तो कामाला लागला. त्या मजुरीतून त्याने स्वत:ची फळी घेतली. लाटांवर आरूढ होण्याची ही विद्या त्याच्या पूर्वजांचीच होती. एकोणिसाव्या शतकात ती जवळजवळ लोपली होती. ऑलिंपिकमध्ये पोहण्याची सुवर्णपदके मिळविणारा ड्यूक काहानामोकू याने विसाव्या शतकाच्या प्रारंभी ती जगापुढे पुन्हा मांडली. पुढे तिचा धंदा झाला, चित्रपट निघाले, कॅलिफोर्नियाची आणि ऑस्ट्रेलियाची मुले तीत अग्रेसर झाली. अशा काळात, १९६७च्या नोव्हेंबरात, वायमेआच्या प्रचंड लाटांवर हा एकवीस वर्षांचा कारखान्यातला मुलगा दिसला आणि हवाईच्या लोकांना आपला माणूस सापडला.

दुसऱ्याच वर्षी होनोलुलूच्या नगरप्रशासनाने उत्तर किनाऱ्यासाठी जीवरक्षक नेमावयाचे ठरविले, आणि पहिल्याच नेमणुकांत एडीचा समावेश झाला. त्या काळी या मैलोगणती पसरलेल्या किनाऱ्याची राखण एकदोन माणसांच्या भरवशावर होती. यांत्रिक वाहने नव्हती. पायांत रबरी पंखे आणि हातात फळी, एवढेच त्याचे साहित्य. उन्हाळ्यात तळ्यासारखा शांत असणारा वायमेआचा उपसागर हिवाळ्यात माणसे गिळतो. पर्यटकाला ते ठाऊक नसते, आणि सुट्टीवर आलेल्या सैनिकाला ठाऊक असले तरी पटत नसते. एडीने आपल्या कारकिर्दीत पाचशेहून अधिक माणसे वाचविली असे मानले जाते, आणि तो पहाऱ्यावर असताना वायमेआत एकही माणूस दगावला नाही, हे त्याच्याविषयी आजही अभिमानाने सांगितले जाते. १९७१ साली वर्षातील सर्वोत्कृष्ट जीवरक्षक म्हणून त्याचा गौरव झाला.

पाचशे हा आकडा अर्थातच अंदाजाचा आहे, आणि त्यात एक मर्म दडलेले आहे. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवितो. आमच्या शास्त्राला जे घडले ते मोजता येते. जे घडू दिले नाही ते मोजताना ते अडखळते. कारखान्यातून डबे बाहेर पडतात, त्यांची गणती होते, किंमत ठरते. जीवरक्षकाचे उत्पादन म्हणजे न झालेले मृत्यू. पाण्यात पाऊल टाकणाऱ्याला त्याने शिटी वाजवून मागे वळविले, तर त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. वळलेल्या माणसालाही आपण वाचलो हे कळत नाही. उलट सहलीचा रसभंग केल्याबद्दल तो मनातून रागावतो. ज्या कामाचे यश अदृश्य असते त्याचा मोबदला नेहमीच तुटपुंजा राहतो. एडीने हे काम दहा वर्षे केले. त्याच काळात त्याचा खेळ व्यावसायिक होत होता आणि त्याच्याहून उण्या ताकदीचे खेळाडू त्यावर उपजीविका करू लागले होते.

१९७६ साली या खेळाचे जागतिक व्यावसायिक संघटन अस्तित्वात आले. त्याच्या आदल्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका येथील तरुणांनी हवाईतील स्पर्धा जिंकल्या होत्या आणि मायदेशी परतून नियतकालिकांतून आपल्या पराक्रमाचे ढोलही वाजविले होते. हवाईच्या लोकांना हा आपल्या घरात येऊन केलेला अपमान वाटला. पुढच्या हिवाळ्यात हे पाहुणे परतले तेव्हा त्यांच्यापैकी वेन बार्थोलोम्यू याला समुद्रातच मारहाण झाली. काहींना हॉटेलात दडून राहावे लागले. प्रकरण रक्तपातापर्यंत जाईल अशी धास्ती निर्माण झाली असताना एडी आणि त्याचे कुटुंब मध्ये पडले. पाहुण्यांना त्यांची चूक समजावून देण्यात आली, स्थानिकांना राग गिळावयास लावण्यात आले, आणि दोन्ही पक्षांना एकत्र बसवून वाद मिटविला गेला. ज्याच्या पूर्वजांची भूमी गेली त्यानेच परक्यांना अभय द्यावे, यातील औदार्य ध्यानात घेतले पाहिजे.

स्पर्धांतील यश मात्र एडीला उशिरा लाभले. ड्यूक काहानामोकूच्या नावाने भरणाऱ्या निमंत्रितांच्या स्पर्धेत तो वर्षानुवर्षे उतरत होता. त्याचा धाकटा भाऊ क्लाइड याने ती १९७३ साली जिंकली. एडीला तो मान मिळण्यास १९७७ साल उजाडले.

त्या सुमारास त्याचे मन दुसऱ्याच एका ध्यासाने भारले होते. प्राचीन पॉलिनेशियन लोकांनी होकायंत्रावाचून, केवळ तारे, वारे आणि लाटा यांच्या आधारे, प्रशांत महासागर पार केला होता हे सिद्ध करण्यासाठी होकुलेआ ही जोडनाव बांधण्यात आली होती. १९७६ साली मायक्रोनेशियातील नाविक माऊ पियाइलुग याच्या मार्गदर्शनाखाली ती ताहितीला जाऊन पोहोचली. नाविकांचे वंशज म्हणविणाऱ्या, परंतु आपल्याच भूमीत परके झालेल्या हवाईयनांना या प्रवासाने मान ताठ करावयास शिकविले. दुसऱ्या सफरीसाठी एडीची निवड झाली. १६ मार्च १९७८च्या संध्याकाळी सोळा जणांना घेऊन होकुलेआ होनोलुलूहून निघाली. वारा सोसाट्याचा होता. मध्यरात्रीच्या सुमारास खवळलेल्या सामुद्रधुनीत ती उलटली. उलटलेल्या नावेला धरून सारे रात्रभर तग धरून राहिले. वरून विमाने गेली, परंतु कोणाचीही दृष्टी त्यांच्यावर पडली नाही. सकाळी एडीने फळीवरून लानाई बेट गाठून मदत आणण्याची परवानगी मागितली. बेट सुमारे वीस किलोमीटर दूर होते. बराच विचार करून ती देण्यात आली. थोडे अंतर गेल्यावर, हात मारताना अडथळा होतो म्हणून, त्याने अंगावरचे तरंगते जाकीट काढून टाकले. एका लाटेवर तो दिसला, मग दिसेनासा झाला. त्याच रात्री एका प्रवासी विमानाला नावेवरचा दारूचा बाण दिसला आणि तटरक्षक दलाने उरलेल्यांची सुटका केली. एडीचा मात्र मोठ्या शोधानंतरही मागमूस लागला नाही. तो एकतीस वर्षांचा होता.

तो थांबला असता तर तोही वाचला असता, हा हिशेब नंतरचा आहे. त्या सकाळी नावेवरच्या कोणालाच तो माहीत नव्हता. पंधरा माणसे पाण्यात आहेत आणि आपल्याजवळ फळी आहे, एवढेच त्याला दिसत होते. आणि अशा प्रसंगी जाणे हा त्याचा दहा वर्षांचा नित्यक्रम होता. एडी असता तर गेला असता, या अर्थाचे तीन शब्द पुढे हवाईत मोटारींच्या मागे आणि सदऱ्यांच्या छातीवर उमटले. त्यात साहसाचे कौतुक आहेच, परंतु मूळ प्रसंग पाहिला तर तो दुसऱ्यासाठी गेला होता, हे विसरून चालणार नाही. १९८० साली नाइनोआ थॉम्पसन या हवाईयन तरुणाने होकुलेआ उपकरणांवाचून ताहितीला नेली आणि परत आणली. एडी निघाला त्या सकाळी तोही त्या उलटलेल्या नावेवर होता.

एडीच्या नावाची पहिली स्पर्धा दुसऱ्या एका किनाऱ्यावर झाली. ती डेंटन मियामुरा याने जिंकली. १९८६-८७च्या हंगामात ती वायमेआत आली आणि विजेता ठरला क्लाइड, एडीचा भाऊ. १९९० साली कीओन डाउनिंग जिंकला. १९९८च्या जानेवारीत लाटा इतक्या अफाट झाल्या की स्पर्धा रद्द करावी लागली. म्हणजे समुद्र कमी पडला तरी चालत नाही आणि फार झाला तरी चालत नाही. २००१ साली रॉस क्लार्क-जोन्स हा ऑस्ट्रेलियन जिंकला. हवाईबाहेरचा हा पहिला विजेता. पाव शतकापूर्वी ज्यांच्या देशबांधवांना एडीने संरक्षण दिले, त्यांच्यापैकीच एकाने त्याच्या नावाचा मान मिळवावा, हे उचितच झाले. २०१६च्या १० फेब्रुवारीस स्पर्धा जाहीर झाली, हजारो लोक रात्रीपासून जमले, आणि पहाटे लाटा पुरेशा नाहीत असे पाहून आयोजकांनी ती मागे घेतली. दोन आठवड्यांनी, २५ तारखेस, खरी लाट आली. जॉन जॉन फ्लॉरेन्स जिंकला आणि सहासष्ट वर्षांचा क्लाइड आपल्या भावाच्या स्पर्धेत अखेरचा उतरला. त्याच वर्षी पुरस्कर्ती कंपनी आणि आयकाऊ कुटुंब यांचे जमले नाही. कंपनी गेली, स्पर्धा राहिली.

आणि २२ जानेवारी २०२३. त्या दिवशी या स्पर्धेत स्त्रिया प्रथमच उतरल्या. त्याच दिवशी ल्यूक शेपर्डसन नावाचा जीवरक्षक वायमेआच्या किनाऱ्यावर आपल्या पाळीवर होता. त्याला स्पर्धेचेही निमंत्रण होते. तो कामातून सुटी घेऊन लाटांवर जाई आणि फेरी संपली की पुन्हा मनोऱ्यावर येऊन पहाऱ्याला बसे. दिवस संपला तेव्हा जॉन जॉन फ्लॉरेन्ससारख्या जगज्जेत्याला मागे टाकून तो विजयी ठरला होता. एडीचे स्मारक म्हणून याहून अधिक यथार्थ प्रसंग कल्पिणेही कठीण आहे.

थोर पुरुषांची स्मारके आपण दगडाची बांधतो आणि त्यांचा व्यवसाय विसरतो. हवाईच्या लोकांनी एडीचे स्मारक समुद्राच्या स्वाधीन केले, आणि म्हणूनच ते जिवंत राहिले. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरही पावसाळ्यात सहलीला आलेली तरुण मुले बुडतात. दोन दिवस हळहळ होते आणि किनारा पुन्हा सुना पडतो. तेथे एखादा पगारी, प्रशिक्षित माणूस उभा असता तर ती बातमी छापलीच गेली नसती. न छापल्या गेलेल्या बातमीची किंमत ज्या समाजाला करता येते, तोच आपल्या जीवरक्षकाच्या नावाने स्पर्धा भरवितो आणि तिच्यासाठी वर्षानुवर्षे थांबून राहतो.