चारही चाकांना जोर देणारा हॅरी

गावाकडे मॅसी फर्ग्युसनचा ट्रॅक्टर बघितलाय ना? त्यातला फर्ग्युसन म्हणजे हॅरी. १८८४ साली आयर्लंडमध्ये शेतकऱ्याच्या घरी जन्मला, पण जीव यंत्रांत. १९०९ च्या ३१ डिसेंबरला स्वतः बांधलेलं विमान त्याने उडवलं. आयर्लंडमधलं ते पहिलं उड्डाण! नांगर ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडायची त्याची पद्धत आज जगभर चालते.

उतारवयात त्याने एकच ध्यास घेतला : ओल्या, निसरड्या रस्त्यावर गाडी घसरता कामा नये. दोनच चाकांना ताकद मिळाली आणि तीच घसरली, की गाडी जागच्या जागी. मग ताकद चारही चाकांत वाटली तर? कल्पना भारी, पण खर्चिक. मोठ्या कंपन्या काही बधल्या नाहीत. तेव्हा रेसिंग कार बनवून हे सिद्ध करायचं ठरलं.

ऑक्टोबर १९६० मध्ये हॅरी गेला. अकराच महिन्यांनी इंग्लंडमधल्या ओल्टन पार्कच्या ओल्या ट्रॅकवर स्टर्लिंग मॉसने त्याच गाडीत, पी ९९ मध्ये, शर्यत जिंकली. बघायला हॅरी नव्हता.

१९६६ च्या जेन्सन एफएफमध्ये हे तंत्र रस्त्यावर आलं, सोबत चाकं जाम न होऊ देणारे ब्रेकही. कारण ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी पुढे काढतं, थांबवत नाही. म्हणून पावसाळी घाटासाठी किंवा बर्फातल्या ट्रिपसाठी गाडी निवडताना ४×४ चा बिल्ला नंतर बघा, टायर आणि ब्रेक आधी.